पापडासारखा पत्रा

नवी गाडी जराशा धडकेत चेपते म्हणून तिला नावं ठेवताय? थांबा. कदाचित ती तेच काम करतेय, ज्याचे तुम्ही पैसे मोजलेत!

नवी गाडी दारात आली की मराठी घरात तीन गोष्टी होतातच. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, सोसायटीत पेढे आणि बाबांची टिचकी. पहिल्या दोन तुम्हाला माहीत आहेत. तिसरी अशी: बाबा गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतात, दारावर बोटाने टकटक करतात, कान देऊन आवाज ऐकतात आणि सुप्रीम कोर्टाच्या थाटात निकाल देतात, ‘‘पत्रा बघ. पापड आहे, पापड!’’

त्यानंतर आमच्या घरी ‘राणी’ची गोष्ट सुरू होते.

राणी म्हणजे बाबांची पहिली गाडी. निळी, गोलसर, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर आणि पुढे सोफ्यासारखी एकसलग सीट. त्या सीटवर बाबा, मधे दादा, मग आई आणि आईच्या मांडीवर मी. मागे आजी, काका, काकू आणि उरलेल्या जागेत दोन चुलत भावंडं. सीट बेल्ट? तो विमानात असतो म्हणे, एवढंच माहीत होतं. आणि विमान आमच्यापैकी कुणी बघितलं होतं! तर ही राणी एकदा सोसायटीच्या लोखंडी गेटवर जाऊन धडकली. गेट वेल्डिंगवाल्याकडे गेलं. राणीचा फक्त रंग उडाला. ‘‘याला म्हणतात गाडी!’’ हे या कथेचं शेवटचं वाक्य. ते आम्ही सगळे कोरसमध्ये म्हणतो.

त्यामुळे दोन वर्षांपूर्वी दादाने गाडी घेतली तेव्हा टिचकी पडली, निकाल लागला, राणीची गोष्ट झाली. आम्ही हसलो आणि विषय संपला. तो गेल्या मे महिन्यात पुन्हा सुरू झाला. शिरवळच्या जवळ, हायवेवर.

पण आधी शोरूम.

दादा आयटीवाला. त्यामुळे गाडी घ्यायच्या आधी एक्सेल शीट आलीच. मायलेज, ईएमआय, बूट स्पेस, रीसेल, टचस्क्रीन किती इंची. अख्ख्या शीटमध्ये ‘धडकली तर काय होतं’ असा कॉलमच नव्हता. एका व्हेरियंटला सनरूफ होतं आणि दुसऱ्याला चार एअरबॅग जास्त. पैसे जवळपास सारखेच. दादाची मान सनरूफकडे वळलेली. वहिनी म्हणाली, ‘‘पुण्याच्या उन्हात छप्पर उघडून करणार काय? डोकं भाजणार?’’ झालं. एअरबॅग जिंकल्या. सुरक्षेसाठी नव्हे हं, उन्हासाठी.

मग ॲक्सेसरीजचं दुकान. सीट कव्हर, मॅट, परफ्यूमची बाटली आणि डॅशबोर्डवर गणपती. सीट कव्हर चढवता चढवता दुकानातल्या पोराने विचारलं, ‘‘सर, मागचे बेल्टचे लॉक मधे येतात. आत दाबून टाकू? एकदम क्लीन लुक येईल.’’

दादा म्हणाला, ‘‘टाक.’’

मी तिथेच उभी होते. मोबाइलवर कुणाची तरी रील बघत होते. मीही काही बोलले नाही.

आता मे महिना. वाईला मावशीच्या नातवाची मुंज. दादा गाडी चालवतोय, शेजारी बाबा. दोघांचेही बेल्ट लावलेले, कारण लावले नाहीत तर ही गाडी कोकलून कोकलून डोकं उठवते. मागे आई आणि मी, मोकळ्या. शिरवळच्या आसपास आईने चिवड्याचा डबा काढला. त्याच वेळी उलट्या दिशेने एक बाइकवाला आला (तो नेहमी येतो, प्रत्येक हायवेवर, प्रत्येक दिवशी), पुढच्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला आणि दादानेही. पायाखाली ब्रेक थरथरला, वेग बराच उतरला, पण सगळा नाही. तीस-चाळीसच्या वेगाने आम्ही टेम्पोवर आदळलो.

मोठा आवाज झाला. पांढरा धूर दिसला. तो धूर नव्हता, एअरबॅगची पावडर होती, हे नंतर कळलं. पुढचे दोघं खोकत खोकत, पण चालत बाहेर आले. दादाच्या छातीवर बेल्टचा लाल पट्टा उमटलेला. बाबांचा चष्मा वाकडा. बस.

आईचा चेहरा पुढच्या सीटवर आपटला होता. भुवईवर पाच टाके पडले आणि उजवं मनगट मोडलं. माझे दोन्ही गुडघे काळेनिळे. सगळ्या गाडीत चिवडा.

दवाखान्यातून निघून आम्ही गॅरेजवर गेलो. गाडीचं बोनेट दुमडलेल्या वर्तमानपत्रासारखं झालं होतं. बाबांनी ते बघितलं आणि भरल्या आवाजात म्हणाले, ‘‘सांगत होतो मी. पापड!’’ तेव्हा तिथल्या मिस्त्रीने शांतपणे ड्रायव्हरच्या बाजूचं दार धरलं आणि उघडलं. ते नेहमीसारखं उघडलं. त्याने ते बंद केलं, परत उघडलं.

‘‘काका, इथून पुढे सगळं गेलंय. इथून मागे एक रेघ नाही. बोनेट गेलं ते बरं झालं, नाहीतर तुमचे पाय गेले असते.’’

त्या माणसाने एका वाक्यात जे सांगितलं, ते पटवायला मोटार जगाला अर्धं शतक लागलं होतं. मी घरी येऊन वाचत बसले. आई शेजारी प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून बसलेली. त्या आठवड्यात जे वाचलं, ते आज तुम्हाला सांगते.

क्रिकेट खेळलाय ना? जोरात आलेला चेंडू झेलताना आपण काय करतो? हात ताठ ठेवत नाही, चेंडूबरोबर मागे घेतो. चेंडू तोच, वेग तोच. पण त्याला थांबायला वीतभर जागा जास्त मिळाली की हाताला कमी झणझणतं. गाडीचं तेच आहे. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणं. वेग १०० केलात तर उंची दुप्पट नाही, चौपट होते. हा सगळा जोर कुठेतरी जिरवायलाच लागतो. पत्र्यात जिरला तर पत्रा दुमडतो. पत्रा ताठ राहिला तर तो पुढे येतो, आतल्या माणसात.

हे पहिल्यांदा नीट मांडलं बेला बारेनी या इंजिनिअरने. ऑस्ट्रियात जन्मलेला, मर्सिडीझमध्ये काम करणारा. तोवर सगळ्या जगाचं मत आमच्या बाबांसारखंच होतं: गाडी जितकी कडक, तितकी सुरक्षित. बारेनी म्हणाला, नाही. गाडीचे तीन भाग करा. मधला, माणसं बसतात तो, तिजोरीसारखा कडक. पुढचा आणि मागचा मात्र मुद्दाम दुमडणारा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला या कल्पनेचं पेटंट मिळालं आणि १९५९ मध्ये मर्सिडीझची पहिली गाडी या हिशोबाने बांधून बाहेर पडली. आज याला ‘क्रंपल झोन’ म्हणतात. आमच्या घरी ‘पापड’ म्हणतात.

बाबांना हे वाचून दाखवलं. ते ‘हूं’ म्हणाले. पटलं नव्हतं. मग मी लॅपटॉप उघडला आणि त्यांना एक व्हिडिओ दाखवला.

अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशांवर चालणारी, महामार्गावरच्या सुरक्षेचा अभ्यास करणारी एक संस्था आहे. तिला २००९ मध्ये ५० वर्षं झाली. केक कापण्याऐवजी त्यांनी दोन गाड्या समोरासमोर आणल्या. एक १९५९ ची शेव्हरोले बेल एअर. लांबलचक, क्रोमने मढवलेली, बाबा बघताक्षणी ‘आहाहा’ म्हणतील अशी. दुसरी २००९ ची शेव्हरोले मॅलिबू, कुठल्याही ऑफिसच्या पार्किंगमध्ये खपून जाईल अशी साधी सेडान. दोन्ही ताशी साधारण ६४ किलोमीटरच्या वेगाने, समोरासमोर, थोड्या एका बाजूला.

बाबा पुढे सरकून बसले. त्यांचा पैसा बेल एअरवर लागला होता, हे सांगायला नकोच.

बेल एअरचं सगळं पुढचं धूड ड्रायव्हरच्या जागेत घुसलं. डॅशबोर्ड, स्टिअरिंग, सगळं. आतला पुतळा जिवंत माणूस असता तर वाचला नसता. मॅलिबूचं बोनेट दुमडलं, पण काचेच्या मागचा भाग जसाच्या तसा. तिच्यातल्या माणसाला फार तर पायाला दुखापत झाली असती.

बाबांनी व्हिडिओ दोनदा बघितला. काही बोलले नाहीत. बोलली ती आई.

‘‘राणी गेटवर धडकली तेव्हा तिचा फक्त रंग उडाला. आणि तुमच्या कपाळाला चार टाके पडले होते. ते कधी सांगत नाही तुम्ही.’’

मला धक्काच बसला. बाबांच्या कपाळावरची ती बारीक रेघ मी लहानपणापासून बघतेय. विचारलं की ते म्हणायचे, झाडावरून पडलो. म्हणजे गाडी जिंकली होती आणि बाबा हरले होते, आणि इतकी वर्षं आम्ही टाळ्या गाडीसाठी वाजवत होतो!

असो. पत्र्याचं झालं. आता आईच्या भुवईकडे येऊ. कारण आमच्या गाडीचा पत्रा शहाण्यासारखा वागला, एअरबॅगही वेळेवर उघडल्या, तरी टाके पडायचे ते पडलेच. का? कारण गाडी थांबली, पण आई थांबली नाही. गाडीला थांबायला बोनेटभर जागा मिळाली. आई मात्र आधीच्याच वेगाने पुढे गेली आणि सीटवर येऊन एकदम थांबली. गाडीचं ते थांबणं आपल्या वाट्याला यायचं, तर आपण गाडीला बांधलेलं असायला लागतं. त्याच्यासाठीच तो दोन बोटं रुंद पट्टा.

हा पट्टा ज्याने शोधला तो निल्स बोलिन आधी साब कंपनीत लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करायचा. म्हणजे पायलटला विमानातून बाहेर कसं फेकायचं, हा त्याचा विषय. मग तो स्वीडनच्या व्होल्वोमध्ये आला आणि काम एकदम उलटं झालं: माणसाला आत कसं धरून ठेवायचं. त्या आधीचे बेल्ट पोटावरून जायचे आणि धडकेत आतड्यांनाच इजा करायचे. बोलिनने एक पट्टा कंबरेच्या हाडावरून आणि एक छातीवरून तिरका घेतला, दोन्ही कंबरेशी एकाच ठिकाणी अडकवले. जोर हाडांवर यावा, मऊ भागावर नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका हाताने लावता यावा. ते साल १९५९.

पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते. व्होल्वोने या पेटंटवर पैसे छापले नाहीत. ते सगळ्या कंपन्यांना वापरायला खुलं केलं. आज तुमच्या-माझ्या, झालंच तर ओला-उबरच्या गाडीत जो तीन ठिकाणी बांधलेला बेल्ट असतो, तो मुळात बोलिनचाच.

तुम्ही म्हणाल, इतकं भारी डिझाइन, तेही खुलं, मग लोकांनी लगेच लावलं असेल? छे! लोकांनी तेव्हाही तेच केलं जे आपण करतो. शर्ट चुरगळतो, गुदमरल्यासारखं होतं, इथेच तर जायचंय. १९६५ मध्ये राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलाने अमेरिकेतल्या मोटार कंपन्यांवर ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक लिहून खळबळ उडवली. सुरक्षेवर खर्च करायला कंपन्या कशा टाळाटाळ करतात, हा त्याचा विषय. पुढच्याच वर्षी तिथे वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा आला. १९७० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने बेल्ट लावणं सक्तीचं केलं. जगात पहिल्यांदा. ब्रिटनमध्ये पुढच्या सीटसाठी सक्ती यायला १९८३ उजाडलं आणि मागे बसणाऱ्या मोठ्यांसाठी १९९१. म्हणजे बेल्ट शोधल्यापासून बत्तीस वर्षं!

मधल्या काळात बाकीची मंडळीही आली. १९७८ मध्ये एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम न होता गाडी वळवता येते ती सोय. (शिरवळला दादाच्या पायाखाली थरथरलं ते हेच.) १९८० च्या सुमारास एअरबॅग, जी पापणी लवायच्या आत फुगते. लक्षात ठेवा, ती बेल्टची जोडीदार आहे, त्याची बदली नाही. बेल्ट न लावता तिच्यावर जाऊन आदळलात तर ती उशी राहत नाही, ठोसा होते. १९९५ मध्ये ईएसपी आलं, गाडी घसरायला लागली की चाकांना वेगवेगळे ब्रेक लावून तिला सरळ ठेवणारं. पण ते फक्त महागड्या गाड्यांत. मग १९९७ मध्ये स्वीडनच्या एका मोटार मासिकाने मर्सिडीझच्या नव्या छोट्या ए-क्लासची परीक्षा घेतली. रस्त्यात अचानक मूस, म्हणजे तिकडचं थोरलं हरीण, आडवं आलं तर गाडी कशी वळेल? गाडी वळली आणि सरळ उलटली. जगभर छी-थू झाली. कंपनीने गाड्या परत घेतल्या आणि त्या छोट्या गाडीत ईएसपी स्टँडर्ड करून टाकलं. एका हरणाने (तेही नसलेल्या!) मोठ्या लोकांची सोय छोट्या गाडीत आणून बसवली.

त्याच वर्षी युरोपात ‘युरो एनकॅप’ सुरू झालं. सिनेमाला देतात तसे गाड्यांना स्टार. पहिल्या फेरीत जुन्या डिझाइनच्या रोव्हर १०० ला एकच स्टार मिळाला आणि थोड्याच काळात ती बाजारातून गेली. तोवर सुरक्षा हा इंजिनिअरांचा विषय होता. स्टार आल्यावर तो गिऱ्हाइकाचा झाला.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे ही जाग आली जानेवारी २०१४ मध्ये. ‘ग्लोबल एनकॅप’ने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची बेसिक मॉडेल्स ताशी ६४ किलोमीटरने आदळवली: अल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य स्टार. यातली खरी गंमत पोलोची. एअरबॅग नसलेली पोलो शून्य आणि दोन एअरबॅगवाली पोलो चार स्टार. तीच गाडी, तोच सांगाडा! कंपनीने एअरबॅग नसलेलं मॉडेल इथे विकणंच बंद केलं. उरलेल्यांपैकी तीन गाड्यांचा सांगाडाच धडकेत टिकला नव्हता. तिथे नुसत्या एअरबॅग लावून भागलं नसतं. म्हणजे तिजोरी आधी, उशी नंतर.

त्यानंतरची दहा वर्षं मात्र झपाट्याची. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेल्सना समोरून आणि बाजूने धडकेची परीक्षा सक्तीची झाली. २०१९ मध्ये एबीएस, ड्रायव्हरची एअरबॅग, बेल्टचा ‘कोकलणारा’ अलार्म आणि ताशी ८० च्या पुढे गेलं की टोकणारा अलार्म आला. २०२१ संपता संपता पुढच्या दुसऱ्या सीटलाही एअरबॅग. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉन ही ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. बनते कुठे? आपल्या रांजणगावला. ऑक्टोबर २०२३ पासून तर आपलं स्वतःचं ‘भारत एनकॅप’ सुरू झालंय. ते कंपन्यांना ऐच्छिक आहे, त्यामुळे गाडीला स्टार नसेल तर ‘का नाही?’ हा प्रश्न शोरूममध्ये तुम्ही विचारायचा. आणि स्टार कधीचे, हेही विचारा. कारण परीक्षा अवघड होत गेल्यात. जुन्या पेपरातले मार्क नव्या पेपरात चालत नाहीत, हे आपल्यापेक्षा चांगलं कुणाला माहीत!

म्हणजे काय, साठ-सत्तर वर्षं जगभरच्या इंजिनिअरांनी, वकिलांनी, पत्रकारांनी भांडून भांडून गाडी इथवर आणून सोडली. आणि आम्ही काय केलं? क्लीन लुकसाठी तिच्यातला सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जुना आणि सगळ्यात खात्रीचा भाग सीट कव्हरखाली गाडून टाकला.

यात आम्ही एकटे नाही. बेल्ट न लावता अलार्म बंद पाडणाऱ्या क्लिपा मिळतात, बघितल्यात? नुसतं बक्कल, पट्टा नाही. खोचलं की गाडी गप्प. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना त्या विकायला बंदी केली, तेव्हा हजारोंनी लिस्टिंग काढावी लागली. एवढी मागणी होती! स्वतःला फसवायला आपण पैसे देऊन वस्तू मागवत होतो.

आणि मागची सीट तर आपण बेल्टमधून वगळलेलीच असते. ४ सप्टेंबर २०२२ चा रविवार आठवतो? अहमदाबादहून मुंबईकडे येणाऱ्या हायवेवर, पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी, एअरबॅगांनी भरलेली. पुढचे दोघं गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघं गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. दोन दिवस सगळा देश मागच्या सीटबद्दल बोलला. तिसऱ्या दिवशी आपण पुन्हा मागे मोकळे बसलो. खरं तर मागे बसणाऱ्यानेही बेल्ट लावायचा हे नियमात आधीपासून आहे आणि २०१९ च्या कायद्याने दंड १,००० रुपयांवर नेलाय.

सरकारी आकडा सांगते. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात सगळ्यात जास्त दुचाकीवरची. पण बेल्ट न लावल्याच्या खात्यात मांडलेले मृत्यू होते १६,७१५. त्यातले निम्मे ड्रायव्हर आणि निम्मे प्रवासी. यातल्या प्रत्येकाच्या गाडीत तो पट्टा बहुतेक होताच. हाताच्या अंतरावर.

म्हणून या शनिवारी एवढं करा. मागच्या सीटची तिन्ही बक्कलं वर आहेत का बघा. सीट कव्हर असेल आणि सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ असं लिहिलेलं असेल, तर त्या कव्हरने एअरबॅगची वाट अडवलेली नाही ना, हे तपासा. गाडीच्या पुढे लोखंडी बुलगार्ड लावलेलं असेल तर काढून टाका. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय आणि पापडाला दुमडू न देणारी तीच तर वस्तू! स्टिअरिंगपासून छाती वीतभर तरी लांब ठेवा. बाळाला मांडीवर नाही, चाइल्ड सीटमध्ये बसवा. आणि नवी गाडी घेणार असाल, तर एक्सेल शीटमध्ये एक कॉलम वाढवा. सनरूफच्या आधी.

आमच्या घरी काय झालं? गाडी दुरुस्त होऊन आली त्या संध्याकाळी दादा किचनमधली कात्री घेऊन पार्किंगमध्ये गेला आणि ते महागडं सीट कव्हर टराटरा कापलं. फटीत हात घालून त्याने एकेक बक्कल ओढून वर काढलं. कोरी करकरीत होती. दोन वर्षांत कुणाचा हातही लागला नव्हता. तो बराच वेळ तिथेच मागच्या सीटवर बसून होता. मी वरून, गॅलरीतून बघत होते. हाक मारली नाही.

मागच्या महिन्यात माझ्या मैत्रिणीने गाडी घेतली. पेढे द्यायला आली तेव्हा बाबा खाली उतरले. प्रदक्षिणा घातली. दारावर टकटक केली. मी मनात म्हटलं, झालं, आता पापड! पण ते काही बोलले नाहीत. त्यांनी मागचं दार उघडलं, आत वाकले आणि सीटच्या फटीत हात घालून चाचपडायला लागले.

आणि आई? तिने तिच्या परीने कायदा केलाय. गाडी निघाली की चिवड्याचा डबा तिच्या मांडीवर असतो, पण झाकण लागलेलं. आधी ‘क्लिक’ मोजते. पुढचे दोन, मागचे दोन.

चार झाल्याशिवाय झाकण उघडत नाही.